काळ्या मडक्यांवर तांबडे चट्टे येतात? आधी आव्याचं लिंपण बघा

आवा, म्हणजे मडकी भाजायची आमची भट्टी, उघडला आणि वरच्या थरातलं पहिलं मडकं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, राखेतून उचललं. गळा काळाभोर, काठ काळा, घोटलेल्या अंगावर ऊन पडलं की चमकणारं. आणि पोटावर एका बाजूला तळहाताएवढा तांबडा चट्टा. मामांनी ते काही न बोलता बाजूला ठेवलं. दुसरं काढलं, त्यालाही चट्टा. साठ मडक्यांच्या त्या आव्यात बावीस अशी निघाली. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, असल्या मडक्यांना 'बांडी' म्हणतात, बांड्या बैलावरून. फरक एवढाच, की बांड्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळतं. येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा सण, पंधरा दिवसांवर आलेली, आंबिलीसाठी लोकांनी काळी बिंदगी, म्हणजे मडकी, सांगून ठेवलेली, आणि हा लागोपाठ तिसरा आवा बिघडलेला.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला फक्त तांबडं काम ठाऊक होतं. माहेरी काळं कुणी करत नव्हतं. पण चार इयत्ता जास्त शिकले म्हणून आव्याची वही माझ्याकडं आली: किती मडकी रचली, जळण काय होतं, कधी पेटवलं, कधी झाकलं, कधी उघडलं, किती फुटली. पुढं जे लिहिते आहे ते बरंचसं त्या वहीतलं आहे. ज्यांच्याकडं काळी भांडी वरचेवर डागाळून निघतात त्यांच्यासाठी.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण त्यात गिऱ्हाईकच नाही, नवा कुंभारही अडकतो. आपली माती काळी म्हणून मडकं काळं, असं नसतं. हीच माती मोकळ्या जाळात भाजली की तांबडी होते. शेजारच्या वीटभट्टीवर जाऊन बघा. मराठवाड्याची जमीन काळ्या पाषाणाच्या, बेसाल्टाच्या, झिजेतून झालेली आहे. तिच्यात लोह भरपूर. जाळात हवा खेळती असली की लोखंडाला गंज चढतो तसा या लोहाला तांबडा रंग येतो. हवा तोडून आत धूर कोंडला की तेच लोह काळं पडतं, आणि धुरातला बारीक कोळसा मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो. काळ्या मडक्याचा काळेपणा या दोन गोष्टींचा.

आणि त्या दोन्ही उलट्या फिरतात. मडकं आतून तापलेलं असताना त्याला हवा लागली, तर छिद्रांतला कोळसा जळून जातो आणि लोह परत तांबडं होतं. म्हणजे काळं झालेलं मडकं रात्रीतून तांबडं होऊ शकतं, आणि सकाळी आपण समजतो की ते मुळात काळं झालंच नाही. आमची सगळी गफलत इथं होती.

पहिल्या आव्यानंतर आम्ही मातीला दोष दिला. मामांनी तळ्याचा गाळ बदलला, लीद वाढवली, माती दोनदा चाळली. चट्टे तसेच. मग ह्यांना कुणीतरी सांगितलं की निजामाबादचे कुंभार भाजायच्या आधी मडक्याला तेल चोळतात. निजामाबाद म्हटलं की आपल्या माणसाला नांदेडच्या पलीकडचं तेलंगणातलं गाव आठवतं, पण हे निजामाबाद उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्यातलं. तिथल्या काळ्या भांड्यांना २०१५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ते मडक्याला खास लेप देतात, वर मोहरीचं तेल चोळतात आणि बंद भट्टीत भाताच्या तुसाच्या धुरावर काळं करतात. आमच्याकडं मोहरी कुठली. आत्याबाईंनी करडईचं तेल काढून दिलं, कपाळाला आठी घालून. मी दोन दिवस बसून साठही मडक्यांना तेल चोळलं. दुसऱ्या आव्यात चमक खरोखर छान आली. चट्टेही छान चमकत होते.

मग सल्ले सुरू झाले. एकानं सांगितलं, जुन्या गाडीचं टायर टाका आव्यात, धूर असा निघतो की डाग राहणारच नाही. ते मात्र मी करू दिलं नाही. रबराच्या धुरातलं विष मडक्यात बसतं, आणि त्या मडक्यात लोक पाणी पिणार, आंबील पिणार. कुणी हा उपाय करत असेल तर आजच थांबवा. जळकं ऑइल पुसून किंवा काळा रंग मारून चट्टा झाकणं हा त्याचाच भाऊ. रंगानं छिद्रं बुजतात, पाणी पाझरत नाही, आणि जे पाझरून वाळत नाही ते गारही होत नाही.

तिसऱ्या आव्याच्या वेळी मी ठरवलं की आता उपाय नको, आधी नुसतं बघायचं. मडकी अर्धवट वाळलेली असतानाच प्रत्येकाच्या बुडावर काडीनं आकडा कोरला. रचताना मडक्याचं जे अंग बाहेरच्या बाजूला होतं त्यावर काठाखाली चुन्याचा एक ठिपका दिला, आणि वहीत आव्याचा गोल काढून कोणता आकडा कुठं बसला ते मांडलं. ह्यांनी विचारलं, "जातगणना चालली का?" चालू द्या म्हणलं.

आवा उघडल्यावर बावीस बांडी मडकी वहीतल्या गोलावर तांबड्या पेननं रंगवली, तर सगळा रंग एकाच पाव भागात गोळा झाला. उगवतीची बाजू, जिथं आव्याचं तोंड असतं, जिथून आम्ही जळण सारतो आणि शेवटी पत्रा लावून लिंपून टाकतो. वीसएक मडक्यांचा चट्टा चुन्याच्या ठिपक्याखालीच होता. दोष मातीचा असता तर तो सगळ्या आव्यात पसरला असता. तेलाचा असता तरी तसंच.

त्याआधी मामांनी त्यांच्या पद्धतीनं एक गोष्ट तपासली होती, तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. त्यांनी बांडी मडकी एकेक करून हातावर घेतली आणि बोटाच्या पेरानं वाजवली. तेर आमच्यापासून लांब नाही. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट कुंभाराच्या घरात नुसती गोष्ट नसते, रोजचं काम असतं. मडकी खणखणीत वाजली. म्हणजे भाजणी पुरी झाली होती, ताप बरोबर चढला होता. बिघाड झाला तो भाजून झाल्यानंतर. बद्द आवाज आला असता तर मी ही सगळी शोधाशोध वेगळ्या दिशेनं केली असती, म्हणून तुम्हीही पहिलं काम हेच करा. वाजवा.

दुसरं काम मन घट्ट करून करायचं. एक बांडं मडकं फोडायचं, चट्ट्यातूनच. आणि खापरीची कड बघायची.

आमच्या खापरीची कड अशी होती: बाहेरून नखाच्या जाडीएवढा तांबडा थर, त्याच्या आत थेट आतल्या अंगापर्यंत काळं. हे चित्र दिसलं तर समजा की मडकं पूर्ण काळं झालं होतं आणि नंतर बाहेरून हवा लागून वरचा थर जळाला. तुमच्या खापरीत उलटं दिसत असेल, म्हणजे बाहेरून काळी कातडी आणि आत तांबडं, तर दुखणं वेगळं आहे: धूर उशिरा कोंडला किंवा कमी पडला. असं मडकं दिसायला चांगलं, पण वापरात घासलं की कडांवर तांबडं उघडं पडतं. दोन्ही बाजूंनी तांबडं आणि मधोमध काळी-करडी रेघ असेल तर तो काळा आवा झालाच नाही. ती रेघ म्हणजे मातीतली लीद आणि भुसा पुरता न जळल्याची खूण, तांबड्या घाईच्या आव्यात नेहमी दिसते. आणि मडकं काळं दिसतं पण ओल्या फडक्याला काजळ लागतं, तर धूर मडकं निवल्यावर आला. लाल तापलेल्या मडक्याच्या छिद्रांत कोळसा शिरतो. निवलेल्या मडक्यावर तो नुसता बसतो, चुलीमागच्या भिंतीवर बसतो तसा.

तेरच्या वस्तुसंग्रहालयात मी माहेरपणाला आलेल्या नणंदेबरोबर गेले होते. तेरच्या सातवाहन काळातल्या थरांत काळी-तांबडी भांडी निघाली आहेत, आत आणि काठाला काळी, खाली बाहेरून तांबडी. ती तोंड खाली करून राखेत-तुसात पुरून भाजत असावेत, असा त्याचा एक उलगडा सांगतात: तोंडाला हवा नाही म्हणून काळं, बुडाला हवा आहे म्हणून तांबडं. म्हणजे आम्ही ज्याला डाग म्हणून रडतो ते त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी ठरवून केलं होतं. त्यांची रेघ मात्र सरळ असते.

तर हवा तोंडाच्या बाजूनं शिरते, भाजून झाल्यावर शिरते, एवढं कळलं. पण तोंड तर आम्ही पत्रा लावून, वर चांगला हातभर गारा, म्हणजे लिंपायचा चिखल, थापून बंद करतो. मामा स्वतः करतात. धूर कोंडल्यावर तासभर आम्ही तिथंच बसतो, कुठं धुराची रेघ दिसली की चिखलाचा गोळा मारतो. मग शिरते कधी?

चौथा आवा लावायच्या आधी एक लहान आवा मी आणि ह्यांनी फक्त बघायला लावला, दहा-बारा गाडग्यांचा. सात वाजता धूर कोंडला. नऊपर्यंत लिंपणातून कुठं कुठं धूर निघत होता, आम्ही बुजवत होतो. अकराला धूर पूर्ण थांबला. एरवी इथंच आम्ही झोपायला जातो, 'आवा शांत झाला' म्हणून. त्या रात्री बॅटरी घेऊन लिंपण बघितलं तर त्याला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडलेल्या. पत्र्याच्या कडेनं तर बोट जाईल एवढी फट. मी देवाजवळची उदबत्ती पेटवून त्या फटीपाशी धरली. धूर वर जायचा सोडून आडवा झाला आणि फटीत शिरला.

आव्यात जाळ असतो तोवर आतली हवा फुगते, भेगेतून धूर बाहेर येतो, आणि त्या धुरामुळं बाहेरची हवा आत येत नाही. जाळ विझून आवा निवायला लागला की आतली हवा आकसते आणि तीच भेग बाहेरची हवा आत ओढायला लागते. म्हणजे धूर दिसतो तोवर काळजी कमी, धूर थांबला की खरी काळजी. आम्ही बरोबर उलटं करत होतो. मडकी तेव्हाही आत अंधारात मंद लाल असतात, पाचशे अंशांच्या वर, आणि तेवढ्या तापात हवेची एक झुळूकही कोळसा जाळायला पुरते. थंडीत आमच्याकडं पहाटे उगवतीचं वारं असतं, आव्याचं तोंडही उगवतीलाच. दुष्काळात तेरावा महिना.

भेगा का पडल्या याचं उत्तर आत्याबाईंनी दिलं, तेही मी वही दाखवत असताना, तूर निवडता निवडता.

"गारा कशाचा करतेत हे लोक?"

"काळ्या मातीचा. मळ्यातली आणतेत मामा."

"अगं, माळवदावर काळी टाकतंय का कुणी? पांढरी टाकतेत. काळी टाकली तर पयल्याच उन्हाळ्यात तडकून घर गळायला लागंल. मग आव्यावर काळी कशी टिकंल?"

मराठवाड्यात ज्याचं लहानपण माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात गेलं त्याला हे वेगळं सांगायला नको. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. त्या मातीत असलेल्या चिकणमातीच्या जातीचा, मॉन्टमोरिलोनाइटचा, हा गुणच आहे. शेतात भेगांत हात जातो तो त्यामुळं. मडक्याच्या मातीत आम्ही लीद, राख, तळ्याचा गाळ घालून तिचा हा गुण मारतो, पिढ्यान्पिढ्या मारतो. पण लिंपणाला काय, चिखल तो चिखल, म्हणून मळ्यातली काळी घ्यायची. आणि तीही तापलेल्या आव्यावर, जिथं ती तासाभरात वाळणार.

आता आमचं लिंपण असं असतं. दोन घमेली पांढरी माती, आमच्या वाड्याच्या पडक्या भिंतीची. एक घमेलं चाळलेली राख. अर्धं घमेलं ताजं शेण. वर दोन-तीन ओंजळी सोयाबीनचं भुसकट. भुसकट नसेल तर कडब्याची कुट्टी चालते, पण बारीक हवी. हे आदल्या दिवशी भिजवून पायानं तुडवून ठेवायचं, आयत्या वेळी कालवलेला गारा पुन्हा तडकतो. पांढरी मिळत नसेल तर तळ्याचा वाळूमिश्रित गाळ घ्या आणि राख दुप्पट करा. काळीच घ्यायची वेळ आली तर निम्म्याहून जास्त राख आणि भुसकट घाला, आणि तरी रात्री उठून बघा.

लिंपण दोनदा करायचं. पहिला हात धूर कोंडल्याबरोबर, बोटभर जाडीचा. तासाभरानं तो वाळून जिथं तडकेल तिथं दुसरा हात, अंगावर पाणी शिंपडून. मग सगळ्यावर कोरड्या राखेचा हातभर थर ओढून घ्यायचा. ही राख फार कामाची आहे, कारण ती तडकत नाही. भेग पडली की राख आपोआप तीत ओघळते आणि ती बुजवते. पत्र्याच्या कडेला आम्ही आता बाहेरून राखेची पोती टेकवून ठेवतो. धूर थांबल्यावर, म्हणजे रात्री अकरा-बाराच्या सुमारास, उदबत्ती घेऊन एक फेरी. जिथं धूर आत वळतो तिथं मुठीनं राख.

एक इशारा इथं देऊन ठेवते. कोंडलेल्या आव्यातून जो वायू निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. फेरी उभ्यानं मारायची, फटीत तोंड घालून बघायचं नाही, आणि आवा पत्र्याच्या बंद शेडमध्ये असेल तर त्याच्याजवळ ऊब म्हणून रात्री कुणी झोपायचं नाही. थंडीत पोरं हमखास आव्याकडं सरकतात.

आता उघडणं. वहीत बघितलं तर तिन्ही बिघडलेले आवे आम्ही दिवस उगवायला उघडले होते, झाकल्यापासून बारा तासांच्या आत. ऑर्डरची घाई होती, आणि वरची राख हाताला कोमट लागली म्हणून. वरची राख काहीच सांगत नाही. राख ही गोधडी आहे. आम्ही आता पाच-सहा फूट लांब सळई वरून तिरपी मधोमध खुपसतो, पाच मिनिटं ठेवतो, बाहेर काढून टोकाला हात लावून बघतो. चटका बसला की भोक राखेनं बुजवून परत पाच-सहा तासांनी. टोक मुठीत धरता आलं तरच उघडायचं. आमच्या साठ मडक्यांच्या आव्याला त्याला चोवीस तास लागतात, मोठ्याला छत्तीस लागतील. घाईत उघडण्याचा दुसरा तोटा असा, की मातीतली वाळू ५७३ अंशांच्या आसपास एकदम आकार बदलते, तिथून मडकं झरकन निवलं तर बारीक तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी भरल्यावर दिसतो.

चौथ्या आव्यात, नव्या लिंपणाची आणि चोवीस तासांची शिस्त पाळून, साठात चार बांडी निघाली. पाचव्यात एक. येळवशीला बिंदगी पोचली, दोन घरांना मात्र तांबडी द्यावी लागली.

त्या चारांतली तीन तोंडाजवळची नव्हती, अगदी मधली होती, आणि चट्टा नेमका जिथं दोन मडकी एकमेकांना टेकली होती तिथं. नाण्याएवढा, गोल, कडा स्पष्ट. खापरी फोडली तर चट्टा आतपर्यंत तांबडा. इथं उलटं झालं होतं: धूर पोचलाच नाही. टेकलेल्या जागी धुराला शिरायला वाव मिळत नाही. रचताना मडक्यांमध्ये बोटभर फट ठेवायची आणि फटींत तुराटीचे तुकडे किंवा भुसकट कोंबायचं, एवढाच उपाय. बूड तांबडं निघत असेल तर खालचा गोवऱ्यांचा थर आधीच जळून गेला आणि खालून हवा खेळली. बुडाखाली राख आणि तुसाचा थर द्या. नुसता काठ तांबडा असेल तर वरचं झाकण पातळ पडलं.

धूर कमी पडण्याचं आणखी एक कारण वेळेत आहे. आव्याचा रंग दिवसा कळत नाही, म्हणून आम्ही पेटवणीची वेळच अशी ठेवतो की ताप चढेपर्यंत अंधार पडावा. आत मडक्यांचा रंग पिकल्या चेरीसारखा, म्हणजे आपल्या भाषेत पिकलेल्या करवंदाच्या आतल्या गरासारखा, लाल दिसला की साधारण सातशे ते साडेसातशे अंश झाले. तेव्हा ओलसर भुसकट आणि शेण्यांचा चुरा आत लोटायचा आणि लगेच झाकायचं. भुसकट चिंब भिजवू नका. चिंब भुसकटानं वाफच जास्त होते, आवा निवतो आणि काजळ वरच्यावर बसतं. शिंपडलेलं असावं, मुठीत दाबलं तर पाणी सुटू नये. आणि लाल रंग केशरीकडं झुकेपर्यंत थांबूही नका. फार ताप झाला की घोटलेली चमक मरते. कितीही धूर दिला तरी मडकं करडं आणि निस्तेज निघतं.

चमक आणि मजबुतीचं हे भांडण फक्त आपल्याकडचं नाही. मेक्सिकोत ओआहाका प्रांतात सान बार्तोलो कोयोतेपेक नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथली जुनी भांडी करडी, बिनचमकीची, पण पक्की. त्यांत दारू भरून नेत. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या दोन्या रोसा या कुंभारणीनं भांडी घोटून, थोड्या कमी तापावर भाजून आरशासारखी काळी करून दाखवली. त्या भांड्यांनी गाव जगात गाजलं, पण त्यांत पाणी ठरत नाही, ती शोभेची झाली. म्हणून कुणी येऊन तुम्हाला म्हणालं की अजून चमक द्या, तर आधी विचारा, पाणी भरायचं आहे का कपाटात ठेवायचं आहे. आझमगडच्या भांड्यांवरची रुपेरी नक्षीही अशीच कपाटातली. त्या भरणात पारा असतो, खाण्यापिण्याला ती वापरू नये.

पाझर जास्त वाटत असेल तर नव्या मडक्यात रात्रभर पाणी भरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तांदळाची नाहीतर ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज मंद आचेवर त्यात शिजवायची. पिठूळपणा छिद्रांत बसतो. स्वैपाकाच्या भांड्याला हे करा, पिण्याच्या पाण्याच्या माठाला नको, त्याला पाझर हवाच.

पांढऱ्या मातीबद्दल एक सावधगिरी राहिली. तिच्यात चुनखडी असते. आव्याच्या बाहेरून ती चालते, पण तिचा खडा मडक्याच्या मातीत गेला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, आणि आठ दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन फुगतो. गिऱ्हाईकाच्या घरी मडक्याची टिकली उडते, आत पांढरा ठिपका दिसतो, आणि शिव्या कुंभाराला. मातीवर लिंबू पिळून बघा, फसफसली तर चुनखडी आहे. लिंपणाचं घमेलं आणि चाकाचं घमेलं आमच्याकडं आता वेगळं असतं, त्यावरून मामा आणि आत्याबाई यांचं एकदा भांडणही झालं.

बांडी मडकी फेकू नका. खणखणीत वाजत असतील तर पुढच्या आव्यात तोंडापासून लांब, मधोमध, चट्टा आतल्या बाजूला करून परत रचा. परत लाल होऊन धूर खाल्ला की बहुतेक काळी होतात. दोन लहान गाडगी असतील तर एका जुन्या रांजणात भुसकट भरून त्यात ती पुरायची, वर झाकण लिंपून रांजणच आव्यात ठेवायचा. यात डाग राहत नाही, फक्त रांजण तीन-चार वेळांत जातो. बावीसपैकी एकोणीस आमची अशी सुधारली. एक फुटलं. उरलेल्या दोहोंचा चट्टा दुसऱ्यांदाही गेला नाही, का ते वहीत लिहायचं राहिलं आहे. एकात आत्याबाईंनी चिंच भरली, दुसरं कोंबड्यांच्या पाण्याला लावलं.